प्रत जमते, मग समोरचा माणूस का जमत नाही?

वाचकाचे पत्र

मी सांगलीत राहतो. वय ४६, सरकारी नोकरी. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा दिल्या, त्यापलीकडे कलाशिक्षण नाही. गेली चार वर्षे तैलरंगात काम करतो आहे. रविवर्म्याच्या ‘हंस-दमयंती’ची आणि डच चित्रकार रेम्ब्राँच्या उतारवयातील एका आत्मचित्राची प्रत केली, पाहणारे थक्क होतात. पितळी भांड्यांची स्थिरचित्रेही लोकांना आवडतात. पण वडिलांचे व्यक्तिचित्र मोबाईलवर काढलेल्या फोटोवरून तीनदा केले आणि तिन्ही वेळा चेहरा लाकडी झाला, रंग मातकट झाला. पत्नी म्हणते, “नाक-डोळे त्यांचेच आहेत, पण हे बाबा नाहीत.” शिवाय वाळल्यावर गडद भागांवर निस्तेज चट्टे पडतात. माझी प्रगती होते आहे, की नुसता हात बसला आहे? प्रती करणे सोडावे का? आणि एका गृहस्थांनी दमयंतीची प्रत विकत मागितली आहे, ती द्यावी का?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

पत्रासोबत पाठवलेली चित्रांची छायाचित्रे सावकाश पाहिली. प्रगती होते आहे, याबद्दल शंका बाळगू नका. तुमच्या पहिल्या स्थिरचित्रात तांब्याची कड सगळीकडून सारख्याच काळ्या रेषेने बांधलेली आहे. अलीकडच्या चित्रात तीच कड उजेडाकडे स्पष्ट आणि सावलीकडे पार्श्वभूमीत विरघळलेली आहे. हे कोणी सांगून येत नाही, पाहून येते. तरीही तुमची अस्वस्थता खरी आहे. तुमचा हात पुढे गेला आहे आणि निर्णय घेण्याची सवय मागे राहिली आहे, म्हणून तीन प्रकारच्या कामांत तीन निरनिराळ्या पातळ्या दिसतात.

प्रत करताना चित्रकाराने घ्यायचे जवळजवळ सगळे निर्णय दुसऱ्या कोणी तरी आधीच घेतलेले असतात. उजेड कुठून यावा, किती भाग सावलीत बुडवावा, कोणता तपशील गाळावा, कोणती कड हरवू द्यावी, पार्श्वभूमी चेहऱ्यापेक्षा किती गडद असावी, हे सारे रेम्ब्राँने ठरवून ठेवले आहे आणि तुमच्याकडे उरले आहे ते फक्त इमानेइतबारे उतरवून घेण्याचे काम. ते तुम्ही उत्तम केलेत. स्थिरचित्रात निम्मे निर्णय तुमचे असतात, कारण वस्तू तुम्ही मांडता आणि त्या हलत नाहीत. वडिलांच्या चेहऱ्यासमोर मात्र एकही निर्णय कोणी घेऊन ठेवलेला नाही. तुमच्या बाबतीत तर त्याहून वाईट झाले आहे: तिथले निर्णय मोबाईलने घेतले आणि ते चुकीचे घेतले.

त्या फोटोकडे पुन्हा एकदा पाहा. दिवाणखान्यातली ट्यूबलाइट समोरून, खिडकी पाठीमागे आणि फोन हातभर अंतरावर. इतक्या जवळून काढलेल्या फोटोत नाक प्रमाणाबाहेर मोठे होते आणि कान मागे जातात. भर म्हणून फोन स्वतःच सावल्या उजळतो, त्वचा सपाट करतो आणि सगळा चेहरा एकाच टोनमध्ये, म्हणजे उजळ-गडदपणाच्या एकाच पातळीवर, आणून ठेवतो. त्या चेहऱ्यावर सावलीचा आकारच शिल्लक राहिलेला नाही. गोलाई आणायची म्हणून तुम्ही गालांच्या कडांना तपकिरी रंग चढवत गेलात, तो पुरेना म्हणून त्यात काळा घातलात, आणि ओल्या रंगावर ब्रश फिरत राहिल्याने सगळे एकजीव होऊन मातकट झाले. लाकडीपणाचे आणि मातकटपणाचे मूळ एकच आहे. रंग चुकला असे तुम्हाला वाटते, प्रत्यक्षात टोन चुकला आहे.

म्हणून वडिलांचे चौथे चित्र आत्ता सुरू करू नका. त्याआधी कुंभाराकडून एक साधे, न रंगवलेले मातीचे मडके आणा. पितळी भांडी काही दिवस बाजूला ठेवा, कारण चकाकणारा धातू फार लवकर दाद मिळवून देतो. चमकीचे चार ठिपके बरोबर पडले की भांडे उभे राहते आणि मधल्या टोनचे कच्चेपण झाकले जाते. मडक्याला चकाकी नसते, त्यामुळे तिथे लपायला जागा नाही. खोलीतली एकच खिडकी उघडी ठेवून मडके तिच्या एका बाजूला, करड्या कापडावर ठेवा. पॅलेटवर चारच रंग घ्या: टायटेनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) आणि अल्ट्रामरीन ब्लू. काळा घेऊ नका. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन मिसळून पुरेसा गडद आणि हवा तसा उष्ण किंवा थंड रंग मिळतो.

कॅनव्हासला ब्रश लावण्याआधी पॅलेटवर पाच ढिगाऱ्या तयार करा: पूर्ण उजेड, उजेडाकडचा मधला टोन, सावलीकडे वळणारा मधला टोन, सावली आणि सावलीतला परावर्तित उजेड. आता डोळे अर्धवट मिटून पाहा. उजेडाच्या बाजूचा सर्वांत गडद टोनसुद्धा सावलीतल्या सर्वांत उजळ टोनपेक्षा उजळच असला पाहिजे, ही एक गोष्ट सांभाळली तर मडके फुगून पुढे येते. नवशिक्याचा घात बहुधा परावर्तित उजेडात होतो. सावलीकडे टक लावून पाहिले की कापडावरून उसळलेला तो उजेड डोळ्यांना हळूहळू प्रखर वाटू लागतो, आपण तो पांढरा घालून रंगवतो आणि सावली फुटते. तुमच्या तिन्ही व्यक्तिचित्रांत जबड्याखाली नेमके हेच झालेले आहे.

आणखी एक गोष्ट त्या मडक्यावर पाहा. मातीचा लाल-तपकिरी रंग सर्वांत भरदार कुठे दिसतो? पूर्ण उजेडात तो थोडा विटतो आणि खिडकीतल्या आकाशाची निळसर छटा घेतो. सावलीत तो दबतो. तो खराखुरा फुलतो उजेड आणि सावली यांच्यामधल्या पट्ट्यात, जिथे मडक्याचा पृष्ठभाग उजेडापासून वळू लागतो. तुम्ही तो पट्टा काळपट करडा रंगवता, म्हणून तिथे रंग मरतो. मडके मी मुद्दाम सुचवतो आहे, कारण भाजलेल्या मातीचा रंग आपल्याकडच्या सावळ्या-गव्हाळ त्वचेच्या फार जवळचा आहे. ज्या चार रंगांत मडके उभे राहील, त्याच चार रंगांत थोडा लाल घालून तुमच्या वडिलांचे कपाळ उभे राहील. ‘फ्लेश टिंट’ नावाची जी गुलाबी ट्यूब तुम्ही वापरता, ती बाजूला ठेवा. तो आपल्या कातडीचा रंग नव्हे. सावळ्या त्वचेवर कपाळाची, नाकाच्या शेंड्याची चमक अधिक ठळक दिसते, कारण भोवतालचा रंग गडद असतो, आणि ती चमक त्वचेचा रंग न घेता खिडकीतल्या उजेडाचा रंग घेते. तिथे पिवळसर गुलाबी लावण्याऐवजी निळसर करडा लावून पाहा. कपाळाचे हाड जाणवू लागेल.

आता प्रतींविषयी. त्या सोडू नका, पण करण्याची रीत बदला. आजवर तुम्ही अख्खे चित्र जसेच्या तसे उतरवण्याचा प्रयत्न केलात. यापुढे हातात एक प्रश्न घेऊन प्रत करा आणि उत्तर मिळाले की तिथेच थांबा. मडके करताना मधला टोन हाती लागत नसेल, तर फ्रेंच चित्रकार शार्दँने १७३४च्या सुमारास रंगवलेला तांब्याचा पाण्याचा पिंप पाहा. हे चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे आणि त्याची चांगली प्रतिमा सहज मिळते. तो धातू असूनही त्यावर चमक किती थोडी आहे, आणि पिंपाचा बराचसा भाग दबलेल्या लालसर, तपकिरी मधल्या टोनमध्येच कसा तोलून धरला आहे, हे पाहिल्यावर तुमच्या पितळी भांड्यांवर चमकीची किती उधळण झाली आहे ते तुमचे तुम्हालाच दिसेल. त्या पिंपाची वहीच्या पानाएवढी प्रत करा, फक्त चार टोनमध्ये, कोणताही तपशील न रंगवता. रेम्ब्राँच्या चित्रातून पूर्ण चेहरा घेण्याऐवजी फक्त एक डोळा, त्याची खोबण आणि नाकाची बाजू एवढाच तुकडा घ्या आणि तिथे उजेडातला रंग जाड व सावलीतला पातळ का ठेवला आहे, हे ब्रशने समजून घ्या.

मोठ्या चित्रकारांनी प्रती कशा वापरल्या, याचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंटने १८७९ मध्ये माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात जाऊन स्पॅनिश चित्रकार वेलास्केझच्या ‘लास मेनिनास’ या राजवाड्यातल्या दृश्याची प्रत केली. १८८२ मध्ये त्याने एडवर्ड बॉइट यांच्या चार मुलींचे मोठे चित्र रंगवले. त्यात वेलास्केझचे कपडे नाहीत, राजवाडा नाही. आहे ती काळोखी, खोल जागा आणि त्या जागेत निरनिराळ्या अंतरांवर, निरनिराळ्या उजेडात उभ्या असलेल्या मुली. प्रतीतून काय उचलावे आणि काय तिथेच ठेवावे, हे या दोन चित्रांत लख्ख दिसते. तुमच्या दोन्ही प्रती झाल्यानंतरच्या चित्रांत त्यांतले काय उतरले, असे विचाराल तर मला काही सापडले नाही, आणि माझी खरी तक्रार एवढीच आहे.

‘हंस-दमयंती’बद्दल थोडे वेगळे सांगायला हवे. प्रतीतले रंग पाहता ती तुम्ही छापील चित्रावरून केलेली दिसते. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेली चित्रे घरोघरी पोहोचली. पण ती शिळाछापाची चित्रे होती. त्यांतला रंग एकावर एक छापलेल्या थरांचा, छापणाऱ्याच्या हाताचा आहे. मूळ तैलरंगात साडीच्या काठावर रंग किती उचललेला आहे, मनगटाच्या सावलीत किती पातळ थर आहे, हे छापील कागद सांगू शकत नाही. म्हणून मूळ चित्रे पाहायला जाण्याचा खर्च ट्यूबांच्या खर्चाइतकाच आवश्यक माना. साताऱ्याजवळच्या औंधला, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्म्याची मूळ चित्रे आहेत आणि सांगलीहून सकाळी निघालात तर संध्याकाळी घरी परत येता येईल. पुण्याला जाणे झाले तर बालगंधर्व रंगमंदिरात चित्रकार गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन चित्रे पाहा. एकच माणूस एकदा पुरुषवेषात आणि एकदा स्त्रीवेषात, आणि दोन्हींत मूळ व्यक्ती टिकवून धरलेली. साम्य कशात असते, या तुमच्या प्रश्नावर याहून चांगला धडा जवळपास मिळणार नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेली युरोपीय तैलचित्रे आहेत. पणजीला फोंताइन्यश या जुन्या वस्तीत फुंदासांव ओरियेंत या संस्थेत गोव्याचे चित्रकार आंतोनियो शावियर त्रिंदाद यांची चित्रे आहेत. आपल्याकडची त्वचा, आपल्याकडचा खोलीतला उजेड आणि तैलरंग यांचा मेळ त्यांनी ज्या संयमाने घातला, तो तुम्ही जवळून पाहावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. चित्रासमोर उभे राहिलात की आधी जितक्या जवळून परवानगी असेल तितक्या जवळून पाहा, मग मागे सरकत जा आणि नुसते दिसणारे ब्रशचे फटकारे कोणत्या अंतरावर गाल किंवा कापड होतात, ते नोंदवा.

वडिलांकडे परत येऊ. त्यांना प्रत्यक्ष समोर बसवा. वीस मिनिटांची बैठक, पाच मिनिटांची विश्रांती, असे दोन-तीन वेळा झाले की त्या दिवसापुरते थांबावे. वडीलधाऱ्या माणसाला याहून जास्त ताटकळत ठेवू नये, आणि थकलेला चेहरा खाली ओघळतो, तो तुम्हाला नको आहे. पाठीला आधार देणारी खुर्ची घ्या, पायांच्या जागी खडूने खुणा करा, आणि तुमचा ईझल (कॅनव्हास उभा करण्याची घोडी) त्यांच्या शेजारी असा लावा की सात-आठ फूट मागे गेल्यावर चेहरा आणि कॅनव्हास एकाच नजरेत दिसतील. दर काही फटकाऱ्यांनंतर मागे जाण्याचा कंटाळा करू नका. उजेड एकाच खिडकीचा आणि डोळ्यांच्या थोडा वरून येणारा असावा. पुस्तकांत उत्तरेकडची खिडकी सर्वोत्तम म्हटलेली असते आणि ते बरोबर आहे. पण ही पुस्तके युरोपात लिहिलेली आहेत. आपल्या अक्षांशावर मे महिन्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य भर दुपारीही डोक्याच्या उत्तरेला असतो, त्यामुळे त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीतही ऊन शिरते. तेवढ्या महिन्यांपुरता खिडकीला पातळ पांढरा पडदा लावा, किंवा व्यक्तिचित्राचे काम दिवाळीच्या आसपास धरा.

पहिल्या बैठकीत डोळे, ओठ, भुवया यांना हातच लावू नका. डोक्याचा कल, खांद्यांची रेषा, डोळ्यांच्या खोबणींचे दोन गडद आकार, नाकाखालची आणि खालच्या ओठाखालची सावली, हनुवटीची गळ्यावर पडलेली सावली, एवढेच सपाट टोनमध्ये मांडा. मग पत्नीला दाराशी उभे करून विचारा. डोळे न रंगवताच ‘हे बाबा’ असे त्या म्हणाल्या, तर पुढे जा. नाही म्हणाल्या, तर चूक त्या मोठ्या आकारांतच आहे आणि ती पापण्यांचे केस रंगवून भरून निघणार नाही. त्यांनी तुमच्या चित्रावर केलेले भाष्य मी पुन्हा पुन्हा वाचले. इतके नेमके परीक्षण तुम्हाला कोणत्याही वर्गात मिळाले नसते. साम्य नाक-डोळ्यांत थोडे आणि मान कशी तोलली आहे, भुवईखाली सावली किती खोल जाते, गाल जबड्यावर कसा टेकतो यांत पुष्कळ असते. रस्त्यात पाठमोरा चालणारा ओळखीचा माणूस आपण ओळखतो, तेव्हा त्याचे नाक कुठे दिसत असते? मधूनमधून चित्र आरशात पाहा. उलट्या प्रतिमेत डोळ्यांची तिरपी झालेली रेषा लगेच पकडता येते.

निस्तेज चट्ट्यांचे कारण साधे आहे. खालचा थर किंवा प्रायमर (कॅनव्हासला आधी दिलेले अस्तर) वरच्या रंगातले तेल शोषून घेतो, आणि अंबरसारख्या गडद तपकिरी रंगांत ते अधिक जाणवते. चित्र हाताला कोरडे लागल्यावर त्या भागावर जवस तेल आणि टर्पेंटाइन यांचे मिश्रण अगदी पातळ चोळा आणि मऊ फडक्याने जादाचे पुसून घ्या. रंग परत वर येतो आणि पुढचा थर बरोबर जुळवता येतो. सुरुवातीचे थर टर्पेंटाइनने पातळ केलेले आणि नंतरचे क्रमाने अधिक तेलाचे, हा क्रम कधीही उलटा करू नका. उलटा केल्यास पुढे तडे जातात. तैलरंग हवेतला प्राणवायू घेऊन वाळतो, म्हणून शेवटचे व्हार्निश सहा महिने ते वर्षभर थांबूनच लावायचे. पावसाळ्यात चित्रे भिंतीला चिकटवून ठेवू नका, कॅनव्हासच्या मागे बुरशी धरते. आणि एक गोष्ट मी अगदी कळकळीने सांगतो: जवस तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती वाळताना आतल्या आत तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. उघडी पसरून वाळवा किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून त्यात ठेवा.

प्रगती मोजायची असेल तर दर तीन महिन्यांनी तेच मडके आणि वडिलांचा तोच चेहरा, त्याच आकाराच्या कॅनव्हासवर, त्याच खिडकीच्या उजेडात आणि तितक्याच बैठकांत रंगवा. मागे तारीख घाला आणि चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवा. वर्षाने सगळी एका रांगेत मांडलीत की कोणाला विचारावे लागणार नाही. वर्ग लावण्याची घाई करू नका. कोल्हापुरात व्यक्तिचित्रणाची प्रात्यक्षिके होतात, तिथे जाऊन पहिल्या अर्ध्या तासात चित्रकार काय काय *करत नाही*, तेवढे पाहून या.

दमयंतीची प्रत विकायला हरकत नाही. आपल्या कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत कॉपीराइटचे हक्क राहतात आणि रविवर्म्याचे निधन १९०६ मध्ये झाले. समोर त्याची सही मात्र उतरवू नका, आणि कॅनव्हासच्या मागे ‘राजा रविवर्मा यांच्या चित्रावरून’ असे लिहून खाली स्वतःचे नाव व साल घाला. प्रतीचा आकारही मूळ चित्रापेक्षा उघडपणे वेगळा असावा, म्हणजे पुढे कोणाची फसवणूक होणार नाही. देऊसकरांच्या चित्रांवरून अभ्यास करावासा वाटला तर जरूर करा, पण तो विकता येणार नाही. त्यांचे निधन १९९४चे आहे. किंमत सांगताना कॅनव्हास, रंग आणि चौकट यांचा खर्च धरून वर तुमच्या श्रमाचे सांगा, आणि त्या पैशातला काही भाग औंधच्या एसटीसाठी बाजूला ठेवा.